पाला लावला नसता तर?

सोयाबीन सोंगायच्या दिवसांत इळ्यानं बोट कापणं ही वावरातली रोजचीच गोष्ट. गेल्या हंगामात माझ्या मामीचं कापलं. डाव्या हाताची तर्जनी, मधल्या पेरावर. धुरा, म्हणजे वावराचा बांध, चार पावलांवर होता, पण ती तिथं गेली नाही. नाल्याकडच्या पडीतात गेली, जमिनीलगत पसरलेल्या एका रोपाची पाच-सहा पानं खुडली, बाटलीतल्या पाण्यानं धुतली, तळहातावर चोळून हिरवा रस जखमेवर पिळला. चोथा वर दाबून धरला आणि चिंधीनं बांधून टाकला. सगळ्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत रक्त थांबलं होतं. "कंबरमोडी हाय ना, काई होत नाई," म्हणाली आणि परत पातीला लागली.

आठ-नऊ दिवसांत बोट भरून आलं. मी फार्मसी शिकलेलो, त्यामुळे माझ्या डोक्यात मात्र एक प्रश्न अडकून राहिला. पाला लावला नसता तर काय झालं असतं? प्रश्न साधा वाटतो, पण औषधी वनस्पतींवरचं संशोधन फिरतं ते याच प्रश्नाभोवती. त्याचं उत्तर काढायला शास्त्राला किती खटाटोप करावा लागतो, ते इथं सांगतो.

आधी वनस्पतीची ओळख. कंबरमोडी तुम्ही नक्की पाहिली आहे. शाळेचं मैदान, रस्त्याची कड, एसटी स्टँडच्या भिंतीची फट, ती कुठंही उगवते. खोड जमिनीवर लोळतं, पानं खरखरीत आणि केसाळ, कडा दातेरी. फूल मात्र एकटंच, वीतभर दांड्यावर ताठ उभं. मध्ये पिवळं, भोवती चार-सहा पांढरट पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. कुठं तिला एकदांडी म्हणतात, कुठं दगडीपाला. कुळ सूर्यफुलाचं. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, कार्ल लिनियसनं १७५३ साली दिलेलं.

नावाचा एवढा आग्रह धरावा लागतो, कारण एका गावातलं नाव दुसऱ्या गावात भलत्याच झाडाला असतं. माक्याच्या, म्हणजे भृंगराजाच्या नावाखाली बाजारात कंबरमोडी मिसळली जाते ही तर जुनीच तक्रार आहे. म्हणून अभ्यासाची पहिली पायरी प्रयोगशाळेत नसते, ती वावरात असते. रोप फुलासकट उपटायचं, कागदात दाबून सुकवायचं, वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून ओळख पटवून घ्यायची आणि क्रमांक देऊन तो नमुना हर्बेरियममध्ये जपून ठेवायचा. वीस वर्षांनी कुणाला शंका आली, तर ते सुकलेलं रोप साक्षीला हजर असतं. ज्या शोधनिबंधात ही नोंद नाही, त्याच्या पुढच्या आकड्यांवर मी सहसा विसंबत नाही.

आता एक गोष्ट, जी कळल्यापासून मला या रोपाबद्दल जास्तच जिव्हाळा वाटतो. कंबरमोडी मूळची आपल्याकडची नाहीच. तिचं माहेर मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उष्ण भाग. म्हणजे १४९२ मध्ये कोलंबस तिकडं पोचल्यानंतरच कधीतरी ती समुद्र ओलांडून इकडं आली, मिरची, भुईमूग आणि पेरू आले तशीच. भिवापूरच्या मिरचीला आज कुणी परकी म्हणत नाही, कंबरमोडीलाही म्हणत नाही. पण यातून एक मोठी गोष्ट निघते. चरक-सुश्रुतांनी हे रोप पाहिलेलं असणं शक्य नाही. त्याचा पाला जखमेवर लावायचं ज्ञान त्यांच्या ग्रंथांतून गावात उतरलेलं नाही. निंदताना, गुरं चारताना, लाकडं फोडताना कापलेल्या माणसांनी हाताला येईल तो पाला लावून पाहिला असणार, बरेच पाले टाकून दिले असणार आणि हा ठेवला असणार. आपण ज्याला परंपरा म्हणतो ती इथं काही शतकांची आहे, आणि ती शेतात राबणाऱ्यांनी स्वतः घडवलेली आहे.

जखम भरते म्हणजे काय होतं, ते आता पाहू. कापल्याबरोबर तिथल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, प्लेटलेट या रक्तातल्या बारीक पेशी एकमेकींना चिकटतात, फायब्रिन नावाच्या तंतूंची जाळी धरते आणि खपली बसते. मग दोन-चार दिवस जखमेची कड लाल, गरम आणि ठणकती राहते. या सुजेला लोक घाबरतात, पण थोडीफार सूज हवीच. पांढऱ्या पेशी त्या काळात जंतू आणि मेलेल्या पेशी साफ करत असतात. त्यानंतर फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलाजेनचे धागे तयार करू लागतात, केसाहून बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि लाल, दाणेदार मांसांकुर खड्डा भरत वर येतात. कडेनं कातडीच्या पेशी सरकत सरकत येऊन त्यावर छप्पर घालतात. बाहेरून आपल्याला वाटतं, झालं, भरली जखम.

खरं तर ताकद यायला अजून कितीतरी अवकाश असतो. एका आठवड्यानं भरलेल्या जागेत मूळ कातडीच्या जेमतेम ३ टक्के बळ असतं. तीन आठवड्यांनी सुमारे २० टक्के आणि तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के. शंभर टक्के ते कधीच परत येत नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर दोन-तीन महिने पोतं उचलू नका म्हणतात, ते यासाठीच.

म्हणजे एखादा पाला "जखम भरतो" असं म्हटलं, तर लगेच विचारायला हवं की यातलं नेमकं कोणतं काम तो करतो? रक्त थांबवतो, जंतू मारतो, छप्पर लवकर घालतो, की जोड मजबूत करतो? अडचण अशी की ही सगळी कामं शरीर स्वतःच करत असतं. तेवढं कापलेलं बोट काहीही न लावता आठ-दहा दिवसांत भरून येतंच. रक्ताचंही तसंच. स्वच्छ फडकं पाच-दहा मिनिटं घट्ट दाबून धरलं, तरी बोटाचं रक्त बहुतेक वेळा थांबतं. मग श्रेय पाल्याचं, की दाबाचं, की शरीराचं?

शेतकऱ्याला हा घोळ समजावून सांगावा लागत नाही. नवं खत अख्ख्या वावरात टाकलं आणि पीक जोमदार आलं, तर ते खतामुळे की त्या वर्षीच्या पावसामुळे, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून अकोल्याच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी प्रयोगाच्या शेतात बिनखताचा वाफा मुद्दाम सोडलेला असतो, त्याच जमिनीत, त्याच पावसाखाली. जखमेच्या अभ्यासालाही असा बिनपाल्याचा वाफा लागतो. गावातल्या हजार माणसांनी पाला लावला आणि हजारही बरे झाले, तरी ही अर्धीच गोष्ट झाली. न लावलेल्यांची उरलेली अर्धी गोष्ट गावात कुणी मोजलेली नसते.

ती मोजायला सहसा पांढरे उंदीर घेतात. यासाठी संस्थेच्या नैतिक समितीची परवानगी लागते, भूल द्यावी लागते. प्राण्यांना विनाकारण यातना देण्याविरुद्धचा १९६० चा कायदा त्यांनाही लागू आहे. जखमा तीन प्रकारच्या करतात आणि प्रत्येक प्रकार वेगळा प्रश्न विचारतो.

पहिल्या प्रकारात पाठीवरचे केस काढून कातडीचा गोल तुकडा काढतात, साधारण ५०० चौरस मिलिमीटर, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित लहान. दर काही दिवसांनी त्यावर पारदर्शक कागद ठेवून जखमेची कड गिरवायची आणि आलेखाच्या कागदावर चौकोन मोजायचे. जखम किती लहान झाली ते थेट आकड्यात येतं. उंदरांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडतात. एका गटाला काहीच लावत नाहीत, एकाला अर्क घातलेलं मलम, एकाला पोव्हिडोन आयोडीनसारखं ठाऊक औषध आणि एकाला अर्क नसलेलं नुसतं मलम.

नुसतं मलम कशाला? याचं उत्तर १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाच्या कामातून मिळालं. त्यांनी डुकरांच्या कातडीवरच्या काही जखमा पातळ पडद्यानं झाकून ओलसर ठेवल्या, काही उघड्या वाळू दिल्या. ओलसर जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगानं चढली. "जखम उघडी ठेव, वाळू दे" हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, ते या प्रयोगानं मोडीत काढलं. म्हणजे कुठलंही तेलकट मलम नुसत्या ओलाव्यामुळेही थोडा फायदा देऊ शकतं. मामीच्या चोथ्याबद्दलही हाच संशय घ्यावा लागतो. गुण रसातल्या रसायनाचा, की ओल्या चोथ्याच्या झाकणाचा? नुसत्या मलमाचा गट असेल तरच हे दोन वेगळे काढता येतात.

दुसऱ्या प्रकारात पाठीवर सुमारे सहा सेंटिमीटरचा सरळ छेद घेऊन टाके घालतात. आठवडाभरानं टाके काढतात आणि दहाव्या दिवशी ती भरलेली रेघ पुन्हा उघडायला किती ताण लागतो ते मोजतात. पद्धत इतकी साधी की मला तिचं कौतुक वाटतं. रेघेच्या एका बाजूची कातडी पक्की धरायची, दुसऱ्या बाजूला चिमट्यानं दोरी बांधून ती कप्पीवरून खाली सोडायची आणि दोरीला भांडं टांगायचं. भांड्यात संथ धारेनं पाणी सोडत राहायचं. रेघ फाकायला लागली त्या क्षणी धार बंद. भांड्यात जेवढं पाणी, तेवढी त्या जोडाची ताकद. तिसऱ्या प्रकारात कातडीखाली कापसाची गोळी किंवा बारीक नळी ठेवतात, तिच्याभोवती नवं मांस धरतं आणि मग ते काढून त्यात काय काय आहे ते तपासता येतं.

कंबरमोडीवर असं काम भारतात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून झालं आहे. त्यातला १९८३ सालचा एक शोधनिबंध मला सगळ्यात बोलका वाटतो. 'इंडियन जर्नल ऑफ फिजिऑलॉजी अँड फार्माकॉलॉजी'त तो छापून आला. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड जखम भरणं मंदावतं, हे आधीच ठाऊक होतं. संशोधकांनी उंदरांना ते दिलं आणि कंबरमोडी त्यावर मात करते का ते पाहिलं. नवी कातडी चढणं आणि जोडाची ताकद ही स्टेरॉइडनं दाबलेली दोन कामं कंबरमोडीनं सावरली. पण जखमेचं आक्रसणं आणि मांसांकुर धरणं, ही दाबलेली दुसरी दोन कामं तिला सावरता आली नाहीत. "जखमेवर गुणकारी" या एका शब्दाआड केवढा तपशील दडलेला असतो बघा. चारपैकी दोन कामांवर गुण आला, दोनांवर नाही.

ताकद कशी वाढते याचा धागा १९९१ साली 'प्लांटा मेडिका' या नियतकालिकातल्या अभ्यासात मिळतो. कंबरमोडीच्या अर्कानं नव्या मांसातल्या लायसिल ऑक्सिडेज या एन्झाइमचं काम वाढल्याचं त्यात दिसलं. हे एन्झाइम काय करतं ते बाजेवरून समजून घ्या. नुसत्या उभ्या सुंभाची बाज विणली तर बसल्याबरोबर सुंभ बाजूला सरकेल आणि माणूस खाली. आडवी वीण पडते, सुंभ एकमेकांत अडकतो, तेव्हा बाज वजन पेलते. कोलाजेनचे धागे नुसते शेजारी शेजारी पडून राहिले तर जखम अशीच फाकते. लायसिल ऑक्सिडेज त्या धाग्यांत आडवे सांधे घालतं.

आता उंदीर आणि माणूस यांच्यातला फरक, जो बातम्यांत हमखास गळतो. बैलाच्या पाठीवर माशी बसली की तेवढीच कातडी थरथरते, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. कातडीला चिकटलेल्या पातळ स्नायूच्या थरामुळे ते जमतं. उंदरालाही तो थर असतो. आपल्या अंगावर त्याचे थोडेच अवशेष उरलेत, म्हणून माशी बसली की आपल्याला हातच हलवावा लागतो. या थरामुळे उंदराची जखम मुख्यतः कडा ओढल्या जाऊन मिटते, पिशवीचं तोंड नाडीनं आवळावं तशी. माणसाची जखम जास्त करून मांसांकुरांनी भरते आणि वरून कातडी चढून झाकली जाते. म्हणून "उंदराची जखम इतके दिवस आधी बुजली" हा आकडा जसाच्या तसा माणसाला लावणं चूक आहे. कंबरमोडीबाबतचा बहुतेक पुरावा प्राण्यांवरचा आणि काचेच्या बशीतला आहे, हे मी कुणालाही सांगताना आधी सांगतो.

माणसांवर अशी तपासणी कशी करतात, याचा एक सुंदर नमुना युरोपात आहे. बर्च या झाडाच्या सालीच्या अर्काची जेल तिथं तपासली गेली. कातडीचं रोपण करताना मांडीवरून पातळ थर काढून घेतात, तिथं सपाट, एकसारखी जखम होते. त्या जखमेचे दोन भाग केले. अर्ध्यावर जेल आणि पट्टी, अर्ध्यावर नुसती पट्टी. माणूस तोच, रक्त तेच, जेवण तेच. फोटो पाहून निवाडा देणाऱ्या तज्ज्ञांना कोणता भाग जेलचा ते सांगितलं नव्हतं. जेलचा भाग सरासरी सुमारे एक दिवस आधी भरला. एवढा काटेकोरपणा करून हाती आला तो एका दिवसाचा फरक, पण तो खरा फरक होता. २०१६ साली युरोपात त्या औषधाला मान्यता मिळाली. पुढे २०२२ मध्ये, जन्मतःच कातडी फुलपाखराच्या पंखासारखी नाजूक असणाऱ्या रुग्णांच्या जखमांसाठीही तोच अर्क तिथं मंजूर झाला. कंबरमोडीसाठी असा अभ्यास आपल्याच भागातल्या एखाद्या रुग्णालयात व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

रसायनांबद्दल थोडक्यात. कंबरमोडीत ल्युटिओलिन, क्वेर्सेटिन, प्रोकम्बेटिन यांसारखी फ्लेव्होनॉइड्स आहेत, टॅनिन आहेत. पावसाळ्यातला पाला आणि उन्हाळ्यातला पाला सारखा नसतो. शिवाय सावलीत वाळवून, भुकटी करून, अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क आणि तळहातावर चोळलेला रस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. अर्काला गुण आला म्हणून रसालाही तेवढाच येईल, असं धरून चालता येत नाही.

आता काळजीचं बोलतो, आणि हे वाचताना घाई करू नका. धनुर्वाताच्या जंतूंची बीजं मातीत आणि शेणात असतात. जमिनीलगत लोळणाऱ्या खरखरीत पानांवर माती असतेच, आणि वरवर धुतल्यानं ती बीजं जातील याची खात्री नाही. खोल, अरुंद जखमेत अशा पानांचा चोथा भरणं धोक्याचं आहे. धनुर्वाताची लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, ती घ्या. कुत्रा चावला तर पाला, चुना, तिखट यांतलं काहीही नको. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी निघा. मधुमेह असलेल्यांनी पायाच्या जखमेवर घरचा कुठलाच प्रयोग करू नये. त्या पायाला दुखणं कळत नाही, आणि जखम आतून चिघळत गेलेली उशिरा लक्षात येते.

दुसरी काळजी फवारणीची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर मारलेलं कीटकनाशक आणि सोयाबीनमधलं तणनाशक धुऱ्यावरच्या पाल्यावरही बसतं. उघड्या जखमेतून ते थेट शरीरात जाऊ शकतं. जुन्या माणसांनी हा पाला वापरायला सुरुवात केली तेव्हा धुरे असे नव्हते.

हे ज्ञान कुणाचं, हाही प्रश्न आहेच. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला हळदीनं जखम बरी करण्याचं पेटंट मिळालं होतं. त्याला आव्हान दिलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. सीएसआयआरनं जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय वैद्यकीय शोधनिबंध पुढं ठेवला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपण जिंकलो, कारण हळदीचं लिहिलेलं सापडलं. पुढं २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं, तेही मुख्यतः ग्रंथांवर उभं आहे. पडीतात पाला चोळणाऱ्या बाईचं ज्ञान कुठल्या पोथीत शोधणार? त्यासाठी २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. मी चाळलेल्या नोंदवह्यांत झाडांची नावं आहेत, पण ती कशी वापरतात आणि कधी वापरत नाहीत, हे रकाने बहुतेक कोरेच.

म्हणून दिवाळीत गेलो तेव्हा शंभर पानी वही घेऊन मामीसमोर बसलो. पाला कसा लावतेस हे नाही, कधी लावत नाहीस ते आधी विचारलं. तिनं बोटं मोडत सांगितलं. "घाव फाकला असन त नाई लावाचा, टाके पडतेत त्याले. कुत्र्याले नाई. खिळा रुतला असन त नाई. साखरवाल्या माणसाले नाई." मग थोडं थांबून म्हणाली, "आन् फवारा मारला त्या धुऱ्याचा त कधीच नाई. म्हून त मी नाल्याकडं गेली होती."

हे सगळं तिच्याच शब्दांत मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं. पाला कसा चोळायचा ते दुसऱ्या पानावर आहे.